केसोबा अस्वलाचं पहिलं सोपं गाणं

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, कारण मी नाव सांगेन आणि मग तिथला कुणीतरी रागावून पत्र पाठवेल, तर एका जंगलात एक अस्वल गिटार वाजवायचं. मागे कोण हसलं? अस्वल गिटार वाजवतं यात हसण्यासारखं काय आहे? तुमच्या सोसायटीच्या गणपतीत स्टेजवर कोण कोण गातं ते आठवा आणि गप्प बसा.

अस्वलाचं नाव केसोबा. त्याला गिटार मिळाली ती अशी. काही हौशी माणसं जंगलात तंबू ठोकून राहिली होती. त्यांच्याकडे मध आहे का, हे विचारायला केसोबा गेला. माणसं गिटार तिथेच ठेवून निघून गेली. चपलाही ठेवून गेली. केसोबाने चपला चावून पाहिल्या, त्या काही त्याला रुचल्या नाहीत. गिटार मात्र त्याने ठेवून घेतली.

ती साधी गिटार होती. लाकडाची, पोटात पोकळ, विजेची भानगड नाही. जाणकार लोक तिला अकूस्टिक म्हणतात. तिच्यावर सूर फार टिकत नाही, छेडला की थोड्या वेळात विरून जातो. म्हणून केसोबाने स्वतःच एक पद्धत काढली. उजवा पंजा सहाही तारांवरून खाली-वर, खाली-वर, सारखा चालू ठेवायचा. गाणं कुठलंही असो, हात थांबायचा नाही. त्याला शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे हे चुकतंय असं सांगणारंही कुणी नव्हतं.

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट यावर आहे.

उन्हाळ्यात त्या जंगलात एकाच पाणवठ्याला पाणी उरायचं. वाघालाही तिथेच यावं लागायचं आणि वाघ ज्यांना खातो त्यांनाही. म्हणून फार वर्षांपूर्वी एक नियम ठरला होता. दिवस कलला की केसोबाने गिटार घेऊन पाणवठ्यावर बसायचं, आणि जोवर गिटारीचा सूर कानावर पडतोय तोवर कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. वाघाने हे चारचौघांत कबूल केलं होतं. तेव्हा तो तरुण होता. मैलभर पळून सांबर पाडायचा, त्याला पाणवठ्यावरच्या आयत्या घासाची गरज नव्हती. तरुणपणी असली वचनं देणं फार सोपं असतं.

तर रोज संध्याकाळी केसोबा वाजवायचा, सगळे पाणी प्यायचे आणि आपापल्या घरी जायचे. केसोबाचे आभार कुणी मानत नसे. उलट कालचं गाणं आज परत कशाला, म्हणून नाकं मुरडायचे. केसोबालाही आपण कुणाचा जीव वाचवतोय असं वाटत नव्हतं. आपल्याला गिटार येते, एवढंच त्याला वाटायचं.

पाण्याजवळच्या पहिल्याच दगडाशी अंबूअक्का उभी राहायची. अंबूअक्का भेकर होती. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं ते. तिचा मागचा एक पाय अधू होता, म्हणून लांबून पळत येणं-जाणं तिला जमत नसे. ती सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या शेवटी जायची. जाताना केसोबाला सांगायची, आज दुसरं कडवं तू दोनदा म्हटलंस, तिसरं खाऊन टाकलंस. केसोबा म्हणायचा, अक्का, तू नसतीस तर मला कळलंच नसतं. तिला तेवढं पुरायचं. त्यालाही पुरायचं.

असं बरीच वर्षं चाललं. मग वाघ म्हातारा झाला.

वाघाला आता सगळे दादासाहेब म्हणत. दादासाहेबांची कंबर धरायची. पळायला लागले की दम लागायचा. आणि रोज संध्याकाळी समोर, अगदी मिशांना लागतील अशी, हरणं माना खाली घालून पाणी प्यायची. दादासाहेब बघत बसायचे आणि तोंडाला सुटलेलं पाणी पाण्याबरोबर गिळायचे. वचन मोडलं तर अब्रू जाणार, आणि वचन पाळलं तर जीव जाणार. मग त्यांनी बराच विचार केला. शेवटी त्यांनी ठरवलं की आपण संगीताला उत्तेजन द्यायचं.

मुलांनो, मोठी माणसं अचानक संगीताला उत्तेजन द्यायला लागली की आपण कुठे उभे आहोत ते एकदा बघून घ्यावं. पण हे तात्पर्य नाही. तात्पर्य शेवटी येईल.

एके दिवशी दादासाहेबांनी केसोबाचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. केसोबाला आधीच एवढे केस, त्यात फाल्गुनाचं ऊन, तरी त्याने शाल काढली नाही. शिवाय त्याला एक कोरी करकरीत इलेक्ट्रिक गिटार दिली आणि आवाज मोठा करणारा एक खोकाही दिला. त्या खोक्याला अ‍ॅम्प म्हणतात. जंगलात वीज कुठून आली ते विचारू नका. तुमच्या घरात कुठून येते ते तरी तुम्हाला कुठे माहीत आहे?

दादासाहेबांनी छोटंसं भाषण केलं. आपलं जंगल किती दिवस मागे राहणार, असं म्हणाले. जुनी गिटार त्यांनी फार आदराने काढून घेतली आणि संग्रहालयात ठेवतो असं सांगितलं. जंगलात संग्रहालय नव्हतं. चैत्री पौर्णिमेला संध्याकाळी केसोबाने सर्वांसमोर नव्या गिटारीवर एक गाणं वाजवायचं, अगदी सोपं, त्यांचा काही हट्ट नव्हता. जमलं तर पाणवठ्याची गादी केसोबाची. नाही जमलं तर ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. शिकवायला तरससर येणार होते.

तरससर म्हणजे तरस. दादासाहेबांचं जेवण झालं की उरलेल्यावर त्यांचा संसार चालायचा, त्यामुळे दादासाहेबांची उपासमार ती त्यांचीही उपासमार. पण माणूस हुशार, हे मान्य केलं पाहिजे. शिकवणं तर इतकं गोड की आपण मूर्ख आहोत हे ऐकतानासुद्धा केसोबाला बरं वाटायचं.

पहिल्याच दिवशी केसोबाने नेहमीसारखा सहा तारांवर पंजा मारला. पत्र्याची शेड कोसळावी तसा आवाज झाला. झाडावरची वटवाघळं दिवसा उजेडी उडाली. तरससर हसले. अर्थात ते कशालाही हसायचे.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अकूस्टिकवाल्यांच्या दोन खोडी असतात. एक म्हणजे तार जिवाच्या आकांताने दाबतात. इथे तारा बारीक असतात, हलकं बोट पुरे, जोर लावला की सूर चढतो आणि बेसूर होतं. दुसरी खोड म्हणजे सगळ्या तारा एकदम बडवतात. इथे एक तार पुरे, फार तर दोन. बाकीच्या पंजाने दाबून गप्प ठेवायच्या. आणि अ‍ॅम्पच्या तोंडाशी गिटार नेऊन उभं राहायचं नाही, नाहीतर खोका आपला आपणच किंचाळत सुटतो, तारेला हात लावावा लागत नाही. हे सगळं खरं होतं, बरं का. तरससर खोटं कधीच शिकवत नसत.

मग त्यांनी यादी काढली. 'अकूस्टिककडून इलेक्ट्रिककडे येणाऱ्यांसाठी पहिली सोपी गाणी'. पहिलं गाणं 'चिंचेखाली चौघे'. त्यात चार सूर आणि मध्ये थोडं थांबायचं. दुसरं 'वाळकं पान'. त्यात तीन सूर आणि बरंच थांबायचं. यादीत जसजसं खाली जावं तसतसं गाणं सोपं होत जायचं, सूर कमी आणि थांबणं जास्त. सगळ्यात शेवटचं, सगळ्यात सोपं गाणं होतं 'दोन डोंगर'. त्यात दोनच सूर. एक सुरुवातीला, एक शेवटी.

केसोबाचा हात थांबेना. जन्मभर खाली-वर करणारा हात तो, सूर वाजून गेला तरी आपला हवेत चालूच. तरससर त्याच्या पंजावर पंजा ठेवून म्हणायचे, "केसोबा, सूर काय कुणीही वाजवतं. दोन सुरांमधली शांतता वाजवायला शिका."

केसोबाच्या अंगावर काटा आला. इतकं सुंदर त्याच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. त्याने नम्रपणे विचारलं, सर, पण थांबायचं किती?

"एक उडी मारून परत जागेवर येऊन बसता येईल, एवढं," सर म्हणाले.

केसोबाने ते पाठ केलं.

सराव रोज संध्याकाळी पाणवठ्यावरच व्हायचा. पहिल्या दिवशी केसोबाने 'चिंचेखाली चौघे' वाजवलं. नवशिक्याचं असतं तसं त्याचं सगळं लक्ष बोटांवर. मान खाली, जीभ बाहेर. चार सूर, थांबा. चार सूर, थांबा. त्या दिवशी एक ससा घरी गेला नाही. दुसऱ्या दिवशी 'वाळकं पान' झालं आणि रानडुकराचं एक पिल्लू घरी गेलं नाही. कुणी पाहिलं का? नाही पाहिलं. कारण तरससरांनी श्रोत्यांचाही वर्ग घेतला होता. शांतता ही डोळे मिटून ऐकायची असते, असं त्यांनी सांगितलं होतं. ज्यांचे डोळे उघडे राहत त्यांना संगीतातलं कळत नाही असं ठरायचं, म्हणून सगळे घट्ट मिटून बसायचे. मोर हा रसिक मंडळाचा चिटणीस. त्याने वहीत लिहिलं, श्रोते देहभान विसरले.

फक्त अंबूअक्काचे डोळे उघडे होते. तिला संगीतातलं कळत नाही हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, त्यामुळे तिला लपवायचं काही नव्हतं.

तिने केसोबाला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. केसोबाला आधी खरं वाटेना. मग त्याला राग आला. इतक्या वर्षांनी आपण काहीतरी नवं शिकतोय, आणि अक्काला ते बघवत नाही, असं त्याच्या मनात आलं. तसं तो बोललाही. दादासाहेबांनी कधी शब्द मोडलाय का, असंही त्याने विचारलं.

"मोडला कुठे," अक्का म्हणाली. "सूर चालू असताना ते बोटही लावत नाहीत. तू थांबलास की उठतात. तू बोटांकडे बघतोस, केसोबा. मी समोर बघते."

केसोबाला तो ससा आठवला, पहिल्या रांगेत बसून कान हलवणारा. पण त्याला पौर्णिमाही आठवली, आणि गादीही. तो खाली बघत म्हणाला, "अक्का, नाही थांबलो तर मी नापास होईन गं."

अक्काने एवढंच सांगितलं की पौर्णिमेला ती नेहमीच्या दगडाशीच असेल. तिला दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं.

चैत्री पौर्णिमेला सूर्य डोंगराला टेकला आणि सगळं जंगल पाणवठ्यावर लोटलं. मोराने प्रास्ताविक केलं, ते संपेना. दादासाहेबांसाठी मानाची जागा राखली होती. ती त्यांनी स्वतः निवडली होती, पहिल्या दगडाच्या शेजारी. अंबूअक्का त्यांच्यापासून तीन पावलांवर पाणी पीत होती. तिला पळता येत नाही हे दादासाहेबांना ठाऊक होतं, आणि त्यांना फार लांब उडी मारता येत नाही हे तिलाही ठाऊक होतं. तीन पावलं दोघांच्याही हिशेबात बसत होती.

केसोबासमोर तरससरांनी यादीतलं शेवटचं गाणं ठेवलं होतं. 'दोन डोंगर'. दोन सूर, मध्ये लांबलचक शांतता. इतकं सोपं की लहान पोरालाही यावं.

सगळ्यांनी डोळे मिटले. केसोबाने पहिला सूर छेडला. हलकं बोट, एकच तार, बाकीच्या गप्प. अगदी शिकवल्यासारखा लागला. तरससरांनी समाधानाने मान डोलावली.

आणि गंमत बघा. गाणं इतकं सोपं होतं की बोटांकडे बघायची गरजच उरली नाही. महिन्याभरात पहिल्यांदा केसोबाने मान वर केली.

त्याला दादासाहेब दिसले. त्यांचे खांदे खाली गेले होते. मागचे पाय पोटाखाली येत होते. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. त्यांच्यासमोर अक्का. तिने पाण्यातून तोंड काढलं होतं आणि ती दादासाहेबांकडे बघत नव्हती, केसोबाकडे बघत होती. तिच्या नजरेत रागही नव्हता आणि विनंतीही नव्हती. इतकी वर्षं ती जशी त्याच्याकडे बघायची तशीच बघत होती, पुढचं कडवं याला आठवतंय का, अशी.

सूर विरत चालला. तरससरांनी पंजा वर केला. थांबा.

केसोबा घाबरला. घाबरल्यावर माणूस जे शिकलेला असतो ते विसरतो आणि जे मुळात येत असतं तेच करतो. त्याने सहाही तारांवर खाडकन पंजा मारला. एवढ्यावर न थांबता तो गिटारीसकट अ‍ॅम्पकडे धावला आणि गिटार त्या खोक्याच्या तोंडाशी धरून त्याला मिठी मारून बसला.

खोका किंचाळायला लागला.

कसा किंचाळला ते मी करून दाखवणार नाही, शेजारी भांडायला येतील. एकच लांब, तीक्ष्ण, कानात घुसणारा आवाज. केसोबा तारेला हातही लावत नव्हता. आवाज आपला आपण चालला होता, आणि संपायचं नाव नाही. दादासाहेब अर्ध्या उडीत होते तसेच राहिले. सूर चालू होता, आणि शब्द म्हणजे शब्द. त्यांनी पुढचा पाय हळूच खाली टेकवला. इतका दुःखी वाघ त्या जंगलाने कधी पाहिला नव्हता.

सगळ्यांनी कान झाकले. ससे उठले, चितळं उठली, डुकरं उठली. जाताना त्यांनी केसोबाला काय काय म्हटलं ते तुमच्या वयाला ऐकण्यासारखं नाही. पाणवठा रिकामा झाला. सगळ्यात शेवटी अंबूअक्का निघाली. एक पाय ओढत, दोन पावलं चालायची, दम घ्यायची, परत दोन पावलं. ती चढ चढून पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत केसोबाने खोका सोडला नाही. त्याचे कान बधिर झाले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकं सोपं गाणं तरससरांच्या यादीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची बैठक झाली. दादासाहेब प्रकृतीच्या कारणाने आले नाहीत.

तरससरांनी निकाल वाचला. विद्यार्थ्याला सगळ्यात सोपं गाणंही जमलं नाही. दोन सुरांपैकी एकच वाजला. शांतता अजिबात वाजली नाही. मोर म्हणाला की आपल्या आयुष्यातली ही सर्वात भयंकर संध्याकाळ होती. सशांनी मान हलवली. चितळांनी एकमताने पाठिंबा दिला. आदल्या संध्याकाळी सगळेच्या सगळे जिवंत घरी गेले होते, महिन्याभरात पहिल्यांदाच, पण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

मग कुणाला काही बोलायचं आहे का, असं रीतीप्रमाणे विचारलं. अंबूअक्का उभी राहिली.

"फार कर्कश होतं," ती म्हणाली. "पण मी आज इथे उभी आहे, ती त्यामुळेच."

मोराने इतिवृत्तात पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्याला जागा पुरली नाही.

केसोबा नापास झाला. पाणवठ्याची गादी तरससरांकडे गेली. इलेक्ट्रिक गिटारही गेली, शालही परत द्यावी लागली. केसोबा तोंड पाडून झाडाखाली बसला होता. अक्का लंगडत त्याच्याजवळ आली आणि म्हणाली की पाणवठ्यावर ती यापुढे जाणार नाही. नदी लांब होती, सहा कोस, पण हळूहळू गेलं तर दोन दिवसांत पोचता आलं असतं. वाटेत सोबत कुणी असेल तर. अस्वल बरोबर असलं की भेकराच्या वाटेला सहसा कुणी जात नाही.

केसोबाने विचारलं, मला गिटार येत नाही असं आता सगळे म्हणतात, तुला काय वाटतं?

"येत नाही रे," अक्का म्हणाली. "चल, ऊन चढायच्या आत निघू."

ती दोघं गेली. नदीवर पोचलीही म्हणतात.

इकडे तरससरांचे कार्यक्रम फार गाजले. यादीतलं एकेक गाणं ते अप्रतिम वाजवायचे. काय ते थांबणं! दादासाहेबांची तब्येत सुधारली, कातडीला तुकतुकी आली. मोराने आपल्या अहवालात लिहिलं की अभिरुची उंचावल्यामुळे पूर्वीसारखी गर्दी आता होत नाही, ऐसपैस बसायला मिळतं. पुढच्या अहवालात लिहिलं की मोजकेच पण दर्दी श्रोते असतात. त्याच्या पुढचा अहवाल मोराने लिहिला नाही. तो तरससरांनी लिहिला.

आता वह्या काढा. मागचा, तूसुद्धा.

तात्पर्य : नव्या वाद्यावर हात बसवताना नेहमी सोप्यातलं सोपं गाणं निवडावं. ते वाजवणाऱ्याला नाही सोपं गेलं, तरी ऐकायला बसलेल्यांपैकी कुणाला तरी सोपं जातंच.